जुगाड नाही, डायरेक्ट केलंय

आमच्या सोसायटीची लिफ्ट मागच्या बुधवारी दोन मजल्यांच्या मध्येच अडकायला लागली. जाळीचं दार हातानं ओढायची जुनी लिफ्ट आहे. दाराच्या कडेला एक छोटा स्विच असतो. दार पूर्ण लागून तो दाबला गेल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही. तोच स्विच खराब झाला होता. दुरुस्तीवाला आला, दहा मिनिटांत गेला आणि ग्रुपवर मेसेज पडला, 'सध्या जुगाड करून दिलाय, लिफ्ट सुरू.' खाली अंगठ्यांची रांग.

संध्याकाळी मी जाऊन बघितलं. स्विचच्या दोन्ही वायरी सोलून एकमेकींत पिळल्या होत्या, वरून काळी टेप. दार वीतभर उघडं ठेवून बटण दाबलं, तर लिफ्ट निघाली! घाबरून लगेच थांबवली. आमच्या इमारतीत पाच वर्षांच्या आतली सहा मुलं आहेत.

माझ्या वडिलांचं नगर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळून बसवायची, याला मोटार भरणं म्हणतात. त्या दुकानात असल्या कामाला एकच शब्द होता, 'डायरेक्ट केलंय'. म्हणजे वाटेत जो राखणदार बसवलेला होता, त्याला बाजूला सारून वीज थेट सोडली. शब्द इंग्रजी आहे, पण आपल्या वायरमन लोकांनी त्याला जो अर्थ दिलाय तो अगदी नेमका आहे. ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं की आता इथे राखण करायला कुणी नाही.

एप्रिल-मे महिन्यात दुकानासमोर विहिरीवरच्या मोटारींची रांग लागायची. वडील झाकण उघडून आत बघायचे आणि मला हाक मारायचे. 'ये, बघ. दोन फेजच्या कॉइली काळ्याठिक्कर, तिसऱ्याच्या अजून लालसर. काय झालं?' मला पाठ होतं. मोटारीला वीज तीन तारांतून मिळते, प्रत्येक तार म्हणजे एक फेज. त्यातला एक गेला, मोटार उरलेल्या दोनांवर ओढत राहिली, तापली, जळाली. मग ते शेतकऱ्याला विचारायचे, 'स्टार्टरमधला रिले डायरेक्ट केलाय ना?' तो मान खाली घालायचा. हा रिलेच मोटारीचा राखणदार. तो जागेवर असता तर त्यानं मोटार वेळेत बंद पाडली असती. 'ही जळाली नाही, जाळली,' असं वडील म्हणायचे. पण रागानं नाही. त्यांना ठाऊक होतं की लाईट रात्री दोनला येते, रिले सारखा पडतो, आणि दरवेळी बटण दाबायला बांधावरून अंधारात, साप-विंचवातून जावं लागतं. म्हणून तर लोक हिरव्या बटणावर ट्यूबची रबरी पट्टी ताणून बांधायचे, नाहीतर 'ऑटो' बसवायचे. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. पण मग अख्ख्या शिवारातल्या मोटारी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. तेवढा भार डीपीला, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरला, झेपत नाही. आधी फ्यूज उडतात. फ्यूजच्या जागी कुणी जाड तार गुंडाळून ठेवलेली असली, तर डीपीच जळते. पिकं माना टाकतात ती त्यानंतर.

हे सगळं 'जुगाड' या एका शब्दात कोंबायचं? मला ते पटत नाही.

आपल्या भाषेत मोडक्यातोडक्या, कशाबशा चालणाऱ्या वस्तूंसाठी किती शब्द आहेत बघा, आणि प्रत्येक शब्द दोष कुठे आहे ते दाखवतो. तकलादू म्हटलं की करणाऱ्यानंच हलका माल वापरला. खिळखिळं म्हटलं की वस्तू मुळात बरी होती, वापरून सांधे सुटले. थातूरमातूर म्हटलं की दुरुस्त करणाऱ्यानं अंगचोरपणा केला. कामचलाऊ हा मला सगळ्यांत प्रामाणिक शब्द वाटतो, कारण हे फार दिवस टिकणार नाही हे तो आधीच सांगून टाकतो. आणि आकडा! विजेच्या तारेवर टाकलेली ती वाकडी तार डोळ्यांसमोर उभी राहते, चोरीसकट.

गाड्यांची नावं तर काय सांगावी. फटफटी आवाजावरून. खटारा हा मूळचा बैलांचा मोठा गाडा, आज खडखडणाऱ्या कुठल्याही गाडीला म्हणतात. पुढे तोंड काढलेल्या तीनचाकीला लोकांनी सरळ डुक्कर म्हटलं. यातला एकही शब्द कुणी समिती बसवून घडवलेला नाही. वापरणाऱ्यांनी बघितलं आणि नाव ठेवलं.

जुगाड या शब्दाशी माझं वैर नाही. तो हिंदीतून आला, रुजला, ठीक आहे. उत्तरेत तर ते एका खऱ्या गाडीचं नाव आहे. पाणी उपसायचं डिझेल इंजिन लाकडी सांगाड्यावर बसवून माणसं आणि माल वाहायचा. 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जुगाड हे मोटार वाहन कायद्याखालचंच वाहन आहे. म्हणजे नोंदणी, विमा, सगळं लागू. अशा गाडीचा अपघात झाला तर भरपाई कुणी द्यायची, हा प्रश्न कोर्टात जाण्याइतका खरा होता. आता मात्र तोच शब्द कौतुकाचा झालाय. व्याख्यानांतून 'आपली जुगाडू बुद्धी' ऐकतो तेव्हा मला ते काळे पडलेले फेज आठवतात.

खरी बुद्धी मी बघितली आहे. वडिलांनी भंगारातल्या सायकलचा पायडल आणि चेन घेऊन, त्यावर लाकडी साचे बसवून कॉइल गुंडाळायची घोडी केली होती. पंचवीस वर्षं तिच्यावर काम केलं. वेढा एकानंही चुकत नसे. तिला ते कधी जुगाड म्हणाले नाहीत. 'आपली घोडी' म्हणायचे.

तर त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, 'दाराचा स्विच डायरेक्ट केलाय. दार उघडं असतानाही लिफ्ट चालते. लहान मुलांना पाठवू नका.' पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला, 'अरे, म्हणजे नेमकं काय केलंय त्यानं?' सकाळपासून त्यांचा नातू तीनदा एकटा खाली-वर करून आला होता. मी त्यांना दारापाशी नेऊन ती टेप दाखवली. त्यांनीच सेक्रेटरींना बोलावलं आणि रात्री नऊला लिफ्टचं मेन बंद केलं.

नवा स्विच सोमवारी येणार आहे. तोवर काकूंचा भाजीचा पिशवा रोज सकाळी मी वर नेऊन देतो.