खुलासा: ऑर्किडच्या कुंडीतला सेन्सर ‘कोरडं’ म्हणतोय? थांबा

‘ऑर्किडच्या कुंडीत मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर खोचा, आकडा ३० टक्क्यांखाली गेला की पाणी घाला’ असा मेसेज फिरतोय. झाडाच्या सालीच्या तुकड्यांत लावलेल्या ऑर्किडसाठी तो चुकीचा आहे.

कपॅसिटिव्ह सेन्सर (चपटं पातं कुंडीत खोचायचा) पाणी थेट मोजत नाही. पात्याला लागून जे असेल त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे तो पदार्थ विद्युतक्षेत्रात किती ऊर्जा साठवू शकतो याचा आकडा, मोजतो. पाण्याचा सुमारे ८०, हवेचा १. माती पात्याला घट्ट चिकटते, सालीत मात्र पोकळ्याच जास्त. म्हणून साल आतून ओली असतानाही आकडा कोरडा येतो, आणि पातं बोटभर सरकवलं की वेगळाच. त्यावर विसंबून पाणी घालत राहिलं तर मुळं कुजतात. दोन सळ्यांमधला विजेचा रोध मोजणारे स्वस्त रेझिस्टिव्ह सेन्सर तर खतातल्या क्षारांनीही फसतात.

स्फॅग्नम मॉसमध्ये (कुंडीत भरायच्या शेवाळात) सेन्सर बऱ्यापैकी चालतो, पण त्याच मॉसमध्ये ओले-कोरडे आकडे आधी ताडून घ्या. सालीसाठी मी तरी वजनकाट्यालाच मानेन: पाणी निथळल्यावर कुंडीचं वजन टिपायचं, मग ते किती उतरतं ते बघायचं. फॅलेनोप्सिस या ऑर्किडची मुळंही सांगतात. ओली असली की हिरवी, सुकली की रुपेरी.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याखाली हा खुलासा जोडा.