जपानमधील भटक्या कुत्र्यांविषयीचा एक गोड गैरसमज

‘जपानमध्ये एकही भटके कुत्रे नाही, कारण तिथले लोक पाळलेले जनावर कधीच सोडून देत नाहीत आणि सापडलेल्या प्रत्येक प्राण्याला सरकार घर मिळवून देते,’ अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. शहरांतील रस्त्यांवर कुत्री दिसत नाहीत, एवढे बहुतांशी खरे आहे. त्याची सांगितलेली दोन्ही कारणे मात्र चुकीची आहेत.

रस्ते मोकळे झाले ते 1950 च्या रेबीज प्रतिबंधक कायद्यामुळे. या कायद्याने कुत्र्याची नोंदणी आणि लसीकरण सक्तीचे केले व बेवारस कुत्री पकडण्याचा अधिकार प्रशासनाला दिला. मालकासाठी दोन दिवस जाहीर सूचना लावायची आणि त्यानंतरच्या एका दिवसात कोणी आले नाही, तर त्या कुत्र्याची विल्हेवाट लावता येते, अशी त्यात तरतूद आहे. रेबीजचे उच्चाटन हे मोठेच यश होते, पण त्याची किंमत मुक्या जिवांनी मोजली, हे दडवून जपानचे कौतुक करणे मला अन्यायाचे वाटते. 1974 च्या सुमारास वर्षाला जवळपास 12 लाख कुत्री-मांजरे मारली जात होती. 2004 मध्येही हा आकडा 4 लाखांच्या घरात होता.

प्राणी कोणी सोडतच नसते, तर त्यासाठीची शिक्षा 2020 मध्ये वाढवून एक वर्षापर्यंत कैद किंवा 10 लाख येनपर्यंत दंड अशी करावी लागली नसती. पाळीव प्राण्यांच्या विक्रेत्यांनी आणून सोडलेली जनावरे नाकारण्याची मुभा 2013 मध्ये बेवारस व नकोसे प्राणी ठेवून घेणाऱ्या सरकारी केंद्रांना मिळाली, आणि पुढच्याच वर्षी तोचिगी प्रांतात डझनावारी कुत्र्यांचे मृतदेह उघड्यावर फेकलेले सापडले.

घर मिळवून देण्याचे श्रेयही एकट्या सरकारचे नाही. 2022-23 मध्ये सरकारी केंद्रांत सुमारे 12 हजार प्राणी दगावले किंवा मारले गेले. त्यांत पाचातली चार मांजरे होती आणि या मांजरांपैकी निम्म्याहून अधिक अगदी लहान पिल्ले. अशा पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, बाटलीने दूध पाजावे लागते. ती घरी नेऊन जगवणारे स्वयंसेवक, तसेच गल्लीतल्या मांजरांची नसबंदी करून खूण म्हणून कानाच्या टोकाला चेरीच्या पाकळीसारखी खाच ठेवणारे नागरिक, यांच्या कष्टांचा मारल्या जाणाऱ्या प्राण्यांची संख्या घटण्यात फार मोठा वाटा आहे. एखाद्या प्रांताने ‘शून्य हत्या’ जाहीर केली, तरी अनेकदा त्या हिशेबात दत्तक देण्यास अयोग्य ठरवून मारलेले आणि केंद्रातच दगावलेले प्राणी धरलेले नसतात. पर्यावरण मंत्रालयाच्या तक्त्यांत त्यांची नोंद स्वतंत्रपणे होते.