कोचचा शब्द म्हणजे प्रवेश नव्हे

अमेरिकी कॉलेजात खेळाच्या जोरावर प्रवेश मिळवण्याबद्दलच्या लेखात म्हटलंय, की कॉलेजच्या कोचने रस दाखवला की प्रवेश जवळजवळ पक्का. हे विधान पालकांना गाफील ठेवेल. अमेरिकेत कोचचा तोंडी शब्द कुणावरच बंधनकारक नसतो. कोच दुसरीकडे गेला की मूल अधांतरी! 'माझं नाव प्रवेश कार्यालयाकडे गेलंय का?' हे मुलाने कोचला स्वतः, स्पष्ट विचारावं. आयव्ही लीग (हार्वर्ड, येलसारखी आठ विद्यापीठं) आणि डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळांची तिसरी श्रेणी) कॉलेजं तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. बोर्डिंग स्कूलला जाताना वर्ष रिपीट करणाऱ्यांनी विशेष जपावं: डिव्हिजन वनसाठी (सर्वांत वरची श्रेणी) लागणारे 16 कोर कोर्स (इंग्रजी, गणित, विज्ञान अशा मुख्य विषयांचे शालेय कोर्स) एनसीएए ही कॉलेज खेळांची संघटना नववीपासूनच्या चार वर्षांतच धरते, नंतरचा फारतर एखादा. त्यातले 10 या चारांतलं शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी व्हायला हवेत. हे लेखात यायलाच हवं होतं.