खुलासा: ‘शांतीची प्रार्थना’ संत फ्रान्सिस यांची नाही

‘हे प्रभो, मला तुझ्या शांतीचं साधन कर’ ही प्रार्थना असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी आठशे वर्षांपूर्वी लिहिली, असा मेसेज रविवारी मीच ग्रुपवर टाकला होता. माझं चुकलं.

संत फ्रान्सिस १२२६ मध्ये वारले. त्यांच्या लेखनाच्या जुन्या संग्रहांत ही प्रार्थना कुठेच नाही. ती पहिल्यांदा छापलेली सापडते थेट १९१२ मध्ये, पॅरिसच्या ‘ला क्लोशेत’ या छोट्या धार्मिक मासिकात. फ्रेंचमध्ये, लेखकाच्या नावाशिवाय. पुढे कुणीतरी ती संत फ्रान्सिस यांच्या चित्राच्या मागे छापली. पुढचं चित्र आणि मागचे शब्द लोकांनी आपसूक जोडले. आमच्या प्रार्थनापुस्तकात खुणेसाठी असंच एक कार्ड आहे, कडा पार मऊ झालेलं. मीही त्यावरच विसंबलो.

मदर तेरेसांनी १९७९ मध्ये ऑस्लोत, नोबेल व्याख्यानाच्या सुरुवातीला सगळ्यांसोबत हीच प्रार्थना म्हटली होती, हे मात्र खरं. त्यांनीही ती संत फ्रान्सिस यांचीच मानली होती.

प्रार्थना जरूर पाठवा. फक्त खाली ‘लेखक अज्ञात’ लिहा. माझा जुना मेसेज पुढे ढकलू नका, आणि आधीच ढकलला असेल तर तिथे हा खुलासाही टाका.