उंदीर काय सांगतो, काय नाही

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन आहेत. उंदराला भास होत नाहीत, मग त्याच्यावर स्किझोफ्रेनियाच्या जुन्या-नव्या औषधांची तुलना कसली करता? आणि तुमचे भाऊ वर्षानुवर्षं हॅलोपेरिडॉल या जुन्या औषधावर ठीक आहेत, तेव्हा 'नवं ते चांगलं' ही कंपन्यांची जाहिरात.

उंदराला भास होत नाहीत, खरंय. पण त्याचं अंग ताठरतं. हॅलोपेरिडॉल दिलेल्या उंदराचे पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवले, तर तो तसाच थिजून राहतो. किती सेकंद, ते मोजतात. सोलापुरात अक्कलकोट रोडला यंत्रमागावर तुटलेला धागा जोडणाऱ्या कामगाराची बोटं याच औषधाने ताठ झाली, तर त्याची मजुरीच बुडते. दोन्हीकडे कारण एकच, मेंदूत हालचाल सांभाळणाऱ्या भागातल्या डोपामिनचं, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं, काम अडतं. म्हणून ही चाचणी मला निरर्थक वाटत नाही.

उंदरावरून चुकीचा निष्कर्ष निघाला तो क्लोझापिन या नव्या पिढीतल्या औषधाच्या बाबतीत. उंदीर थिजत नाही म्हणजे औषध लागूच पडणार नाही, असा तेव्हा पक्का समज होता. क्लोझापिनने उंदीर थिजेना. दुसऱ्या चाचणीत मात्र त्याचा गुण दिसला. आवाज झाला की विजेचा झटका बसतो हे शिकलेला उंदीर औषधानंतर आवाजाला दाद देत नाही, पण झटका बसताच पळतो, म्हणजे पाय शाबूत असतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटून रुग्ण दगावले आणि हे औषध मागे पडलं. पुढे १९८८ च्या अमेरिकी चाचणीत, इतर औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांपैकी ३० टक्के क्लोझापिनने सुधारले, जुन्या क्लोरप्रोमाझिनने फक्त ४ टक्के. ही जाहिरात नव्हे.

तुमचा संशय रास्त ठरतो तो डोसच्या बाबतीत. उंदराच्या शरीरातून निम्मं हॅलोपेरिडॉल दीडेक तासात जातं, माणसात त्याला जवळजवळ दिवस लागतो. हे न बघता केलेल्या तुलनांवर मी विश्वास ठेवत नाही. माणसातही डोपामिनचे साधारण ६५ टक्के रिसेप्टर (पेशीवर डोपामिन जिथे चिकटतं त्या जागा) अडले की गुण येतो, ७८ च्या पुढे ताठरपणा. जुनं औषध भरमसाट देऊन नव्याशी तुलना केली, की नवं जिंकणारच. २००५ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत जुनं पर्फेनाझिन बेताच्या डोसमध्ये दिलं, तेव्हा ते बहुतेक नव्या औषधांच्या बरोबरीने टिकलं. नव्यांपैकी ओलान्झापिन थोडं पुढे राहिलं, पण वजन वाढवून.

भावाला गुण आहे तर औषध बदलायचा आग्रह माझा नाही. हात ताठरत असतील, तर सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत डोस कमी करता येईल का ते विचारा. गोळी स्वतःहून बंद करू नका.