ग्रेलिस्टिंग म्हणे मेल गिळतं

ग्रेलिस्टिंग म्हणजे अनोळखी मेल पहिल्या खेपेला तात्पुरता परत पाठवायचा, स्पॅम गाळायची युक्ती. त्यावर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, बऱ्याच अ‍ॅडमिन मंडळींनी पुढे ढकललाय: "सर्व्हरवरचं ग्रेलिस्टिंग काढून टाका. मेल हरवतात, स्पॅमवाले आता रीट्राय करतातच, ओटीपी वेळेत येत नाहीत, गूगलचे मेल अडकतात, आणि मुळात २००३ची जुनी युक्ती आहे." एका छोट्या ऑफिसचा पोस्टफिक्स (मेल सर्व्हर) मी सांभाळतो आणि त्यावर पोस्टग्रे, म्हणजे ग्रेलिस्टिंग करणारं सॉफ्टवेअर, कित्येक वर्षं चाललंय, म्हणून एकेक घेतो.

मेल हरवतात, हे आधी. ग्रेलिस्टिंग फक्त एवढंच करतं की हा आयपी (पाठवणाऱ्या मशीनचा पत्ता), हा पाठवणारा, हा घेणारा ही तिकडी पहिल्यांदा दिसली की ४५० हा कोड देतं, म्हणजे "आत्ता नको, थोड्या वेळाने ये". ५५० दिला असता तर तो कायमचा नकार. चारने सुरू होणारा कोड आला की मेल पाठवणाऱ्या सर्व्हरच्या क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, राहतो, पोस्टफिक्स तर बाय डीफॉल्ट ५ दिवस प्रयत्न करत बसतो. मग हरवतो कुठे? आमच्याकडे एकदा एका सप्लायरची इनव्हॉइस येईनात, अकाउंट्सच्या मॅडम दोन दिवस माझ्या डोक्यावर बसल्या होत्या. लॉग उघडला तर "अ‍ॅक्शन ग्रेलिस्ट, रीझन न्यू" अशी एक ओळ आणि त्यानंतर त्या आयपीवरून काहीच नाही, कारण त्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर मेल थेट फेकतं, क्यू नाहीच, ४५० आला की गप्प. आमची डिस्क भरली असती तरी तो मेल असाच गेला असता. त्यासाठी ग्रेलिस्टिंग काढायचं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

स्पॅमवाले रीट्राय करतात, हे अर्धं खरं. हॅक झालेल्या खात्यातून खऱ्याखुऱ्या सर्व्हरमार्फत येणारा स्पॅम ग्रेलिस्टिंगला भीक घालत नाही, मान्य. पण व्हायरस लागलेल्या पीसीवरून एकदा फेकून पळणारे बॉट संपलेले नाहीत, आणि जो ५ मिनिटांनी परत येतो त्याचा आयपी तोवर स्पॅमहाऊससारख्या ब्लॉकलिस्टवर (स्पॅमवाल्या आयपींच्या यादीवर) चढलेला असू शकतो, मग दुसऱ्या खेपेला तो तिथे अडकतो. म्हणजे ब्लॉकलिस्ट सोबत हवीच, एकट्या ग्रेलिस्टिंगवर विसंबणारा फसणारच.

ओटीपीचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर, इथे भांडणार नाही. आपण थांबवायची वेळ ३०० सेकंद ठेवली तरी परत कधी यायचं ते समोरचा ठरवतो, एक्झिम या दुसऱ्या मेल सर्व्हरचा नेहमीचा रीट्राय १५ मिनिटांचा, आणि ओटीपी तोवर मेलेला. ज्याच्याकडून रोज मेल येतात त्याला पोस्टग्रे पाचेक यशस्वी फेऱ्यांनंतर आपोआप सोडून देतं, त्रास होतो तो नवीन साइटवर खातं उघडताना. यावर इलाज म्हणजे आरस्पॅमडी हे स्पॅम फिल्टर, ते मेलचा स्पॅम-स्कोअर बघून फक्त संशयित मेललाच थांबवतं. मात्र त्यासाठी अख्खा मेल आत घ्यावा लागतो आणि पोस्टग्रे दारातच, मेलचा मजकूर यायच्या आधी, परत पाठवतं तो फायदा जातो. आमच्या जुन्या २ जीबीच्या मशीनला तो फरक चांगलाच कळायचा.

गूगलचं म्हणाल तर ते दुसऱ्या खेपेला दुसऱ्याच आयपीवरून येऊ शकतात, हे खरंय. पण पोस्टग्रे मुळातच आयपीचा शेवटचा आकडा सोडून बघतं, म्हणजे शेजारचे आयपी एकच धरतं, आणि मोठ्या प्रोव्हायडरांसाठी व्हाइटलिस्टची (न अडवता सोडायच्यांची) फाइल सोबत येते, ती अपडेट न करता शिव्या द्यायच्या याला काय म्हणायचं.

आणि जुनं म्हणून काढा? मेल पाठवायचा प्रोटोकॉल एसएमटीपी १९८२चा आहे, तोही काढूया मग.

त्या बिलिंगवाल्यांना क्यू लावा म्हणून दोनदा फोन केला, "डेव्हलपरला सांगतो" म्हणाले. व्हाइटलिस्टमधली त्यांची ओळ अजून तशीच आहे.