मला विचारलं, आंटींना नाही

ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियन सोडावं का या, मतदानाला दहा वर्षं होत आली आणि आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. "गोऱ्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला," असं एकाने लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मी दोन दिवस गप्प होतो. आज लिहितोय, कारण त्या धोंड्याला माझाही हात लागलेला आहे. २३ जून २०१६ ला मी 'लीव्ह'च्या, म्हणजे 'सोडावं'च्या चौकोनात फुली मारून मत दिलं होतं. हे आजवर मी फक्त बायकोला आणि गेल्या नाताळात आणखी एका व्यक्तीला सांगितलंय.

पहिली गोष्ट, जी भारतातल्या मित्रांना सांगितली की खरी वाटत नाही. माझ्याकडे तेव्हा भारतीय पासपोर्ट होता, आजही आहे. तरी मला मत होतं. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक कायदेशीरपणे ब्रिटनमध्ये राहत असेल तर त्याला इथे मत देता येतं आणि सार्वमताला तीच मतदारयादी वापरली गेली. म्हणजे सावंतवाडीचा मी, २००९ मध्ये इथे आलेला, ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहावं की नाही हे ठरवणार होतो. आणि जे लोक युनियनचे नागरिक म्हणून इथे राहत होते, पोलिश, रोमानियन, पोर्तुगीज, त्यांना मत नव्हतं. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रसचे तेवढे अपवाद.

आमच्या शेजारी आंटी राहतात. मूळच्या गोव्यातल्या, बार्देशातल्या. आम्ही राहतो त्या इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये गोंयकार खूप, हे इथे राहणाऱ्यांना माहीत आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. आंटींच्या वडिलांच्या जन्माची नोंद लिस्बनला झाली, मग आंटींची. भारतीय पासपोर्ट परत करावा लागला, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व चालत नाही. २०११ मध्ये त्या पोर्तुगालचा, म्हणजे युनियनमधल्या देशाचा, लाल पासपोर्ट घेऊन इथे आल्या आणि तेव्हापासून एका गोदामात रात्रपाळीला माल भरतात. माझी मालवणी आणि त्यांची कोंकणी यांच्या मध्ये कुठेतरी आमचं बोलणं चालतं. सकाळी सातला त्या कामावरून परत येतात, मी ऑफिसला निघत असतो. पायऱ्यांवर बुटांची नाडी सोडता सोडता त्या विचारतात, "जेवलो रे बाबा?" म्हणजे जेवलास का. सकाळी सातला.

आता मी 'लीव्ह' का म्हणालो ते. बसवर लिहिलेल्या आकड्यामुळे नाही. आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ, हे 'लीव्ह'च्या प्रचाराच्या लाल बसवर होतं आणि तो आकडा दिशाभूल करणारा आहे हे सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या संस्थेने तेव्हाच सांगितलं होतं. मी ते वाचलं होतं. माझं कारण घरातलं होतं.

२०१३ मध्ये बाबा गेले. आई सावंतवाडीत एकटी. मला इथे कायम राहण्याची परवानगी २०१४ मध्ये मिळाली, आणि पहिल्यांदा मी वकिलाकडे गेलो ते आईला आणण्यासाठी. त्याने २०१२ चा नियम समजावून सांगितला. आईला रोजच्या आंघोळी-जेवणालाही दुसऱ्याचा हात लागत असला पाहिजे आणि ती मदत, माझे पैसे धरूनही, भारतात मिळत नाही हे सिद्ध झालं पाहिजे. "सावंतवाडीत पगारावर बाई मिळते का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, मिळते. "मग विसरा." दहा मिनिटांत बाहेर आलो.

त्याच वर्षी आंटींच्या सासूबाई गोव्याहून आल्या. आंटी युरोपियन नागरिक, सासू त्यांच्यावर अवलंबून, त्यामुळे युरोपच्या नियमाने परवाना मिळाला, तोही फुकट. सासूबाई खिडकीत बसून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायच्या. संध्याकाळी ऑफिसातून येताना ती खिडकी दिसायची. मला त्या म्हाताऱ्या बाईबद्दल काहीही वाईट वाटत नव्हतं, पण प्रत्येक संध्याकाळी पोटात काहीतरी व्हायचं. माझ्या आईने काय पाप केलं होतं?

प्रचारात आमच्यासारख्यांसाठी वेगळं बोललं जात होतं. युरोपातून येणाऱ्यांना मोकळं रान आणि कॉमनवेल्थमधून येणाऱ्यांना फाटक बंद, हा अन्याय संपवू. सगळ्यांना एकच गुणांवर आधारलेली पद्धत. 'लीव्ह'च्या बाजूच्या, तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल 'करी हाउस वाचवा' म्हणत फिरत होत्या. इथल्या करी हाउसवाल्यांना आचारी मिळत नव्हते, बांगलादेशातून आणायला व्हिसा मिळत नव्हता, त्यांनीही विश्वास ठेवला. मीही ठेवला. पण आज प्रामाणिकपणे बोलायचं तर फुली मारताना माझ्या मनात 'माझी आई येईल' एवढंच नव्हतं. 'यांना मिळतं आणि आम्हाला नाही' हे होतं. दुसऱ्याचं गेलं तर निदान बरोबरी होईल, ही भावना होती. ती मला आज झोपू देत नाही.

शाळेच्या हॉलमध्ये दोरीला बांधलेली पेन्सिल, कागदावर दोन चौकोन. राहावं, की सोडावं. त्या दोन चौकोनांत सोडणं म्हणजे काय, हे कुठेच नव्हतं. नॉर्वेसारखं युनियनच्या बाहेर राहून तिच्या बाजारात राहायचं? आयर्लंडच्या सीमेचं काय, जिथे १९९८ च्या शांतता करारानंतर चौक्या उठल्या होत्या? नंतर हे सगळं संसदेत आलं तेव्हा कोणाचं कोणाशी जुळेना. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी युनियनशी केलेला बाहेर पडण्याचा करार जानेवारी २०१९ मध्ये ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. मार्चमध्ये एका रात्री खासदारांनी आठ पर्यायांवर मत दिलं, आठपैकी एकालाही बहुमत नाही. मी ते टीव्हीवर बघत होतो. मी नक्की कशाला हो म्हटलं होतं, हे मला त्या रात्री कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

स्विंडनने ५४.७ टक्के मतांनी 'लीव्ह' म्हटलं. देशात ५१.९. फरक साधारण १२ लाख ७० हजारांचा. आता दुसरा आकडा बघा. युरोपियन नागरिकांना इथे राहण्यासाठी नव्याने अर्ज करायला लावला, त्याची मुदत ३० जून २०२१ ला संपली, तोपर्यंत साठ लाख अर्ज आले होते. त्यातली मुलं सोडा, दोनदा केलेले अर्ज सोडा, नंतर आलेले सोडा, तरी उरतात ते लाखोंनी. ज्यांचं घर, नोकरी, पोरांच्या शाळा या प्रश्नावर टांगल्या होत्या, त्यांना सोडून सगळ्यांना विचारलं. आणि हे अशक्य होतं असंही नाही. दोनच वर्षं आधी, २०१४ मध्ये, स्कॉटलंडने स्वतंत्र व्हावं का यावर मतदान झालं, तिथे युरोपियन रहिवाशांना मत होतं, सोळा वर्षांच्या मुलांनाही होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. 'लीव्ह' जिंकलं की 'रिमेन', यावर तुम्ही कितीही भांडा, पण ज्या मतदानात मला विचारलं आणि आंटींना नाही, त्याला 'जनतेचा कौल' म्हणताना माझी जीभ अडखळते.

यावर माझ्या टीममधला एक सहकारी चिडतो. त्याचे आजोबा इथल्या रेल्वेच्या कारखान्यात होते, तो १९८६ मध्ये बंद झाला. तो म्हणतो, "माझा खासदार मला आवडला नाही तर पाच वर्षांनी घालवतो. युनियनच्या ब्रसेल्समधल्या साहेबाला कसा घालवू?" हा प्रश्न खरा आहे. ग्रुपवर ज्यांनी अशा माणसांना अडाणी, वंशद्वेषी म्हटलं, त्यांनी त्याच्याबरोबर एकदा जेवायला बसावं. होंडाचा इथला कारखाना २०२१ मध्ये बंद झाला, साडेतीन हजार नोकऱ्या गेल्या. कंपनी म्हणाली, कारण ब्रेक्झिट नव्हे, विजेच्या गाड्यांकडे जगभर वळतोय. गावात मात्र अजून दोन्ही बाजू तोच कारखाना एकमेकांच्या तोंडावर फेकतात.

मला जे हवं होतं त्यातलं काही झालंही. नवी पद्धत आली आणि भारतातून इतकी माणसं आली की आमच्या गणपतीला हॉल पुरेना. हे मी नाकारत नाही. पण आईवडिलांचा तो २०१२ चा नियम तसाच राहिला. युरोपियनांचं गेलं, माझ्या आईला त्यातलं काही आलं नाही. ती आता भावाकडे कुडाळला असते.

आणि आंटींचा भाचा. त्याचे कागद लिस्बनला वडिलांच्या नावातल्या एका अक्षरावरून अडकले होते. सुटले ते २०२० मध्ये, टाळेबंदीत. युरोपियनांना इथे मोकळेपणाने येण्याची मुदत ३१ डिसेंबरला संपणार होती, त्याआत तो पोचू शकला नाही. त्या तारखेनंतर पोर्तुगीज पासपोर्ट इथे नुसताच पासपोर्ट उरला, आणि भारतीय तर त्याने गमावलेला. तो लिस्बनमध्ये एका हॉटेलात भांडी घासतो. पोर्तुगीज येत नाही म्हणून गिऱ्हाइकासमोर उभं करत नाहीत. ज्या राजवटीमुळे पासपोर्ट मिळाला तिची भाषा त्याच्या घरात आजोबांनंतर कोणी बोललेलंच नाही.

गेल्या नाताळात आंटी नेवऱ्या आणि दोदोल, म्हणजे त्यांचा नाताळचा फराळ, घेऊन आल्या. भाच्याचा विषय निघाला आणि मला राहवेना. सांगून टाकलं. कसं मत दिलं, का दिलं, खिडकीतल्या सासूबाईंचंसुद्धा. आंटींनी ताटावरचा कागद नीट केला. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुजी आवय एकटी आशिल्ली, म्हाका खबर आसा." तुझी आई एकटी होती, मला माहीत आहे. थोड्या वेळाने, जाताना दारात, "पूण म्हाका कोणेंच विचारूंक ना."

जानेवारीत त्या पुस्तक घेऊन आल्या. ब्रिटिश नागरिकत्वासाठी परीक्षा द्यावी लागते, चोवीस प्रश्न, अठरा बरोबर आले पाहिजेत. अर्जाचे दीड हजारांहून जास्त पौंड त्यांनी रात्रपाळीतून साठवलेत. "पुढच्या वेळा म्हाका मत जाय," म्हणाल्या, म्हणजे मला मत हवं. शनिवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही बसतो. सध्या ट्यूडर राजांपाशी अडकलोय. सहा बायकांचा हेन्री त्यांच्या बरोबर लक्षात राहतो, तारखा राहत नाहीत, म्हणून मी त्या कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून देतो आणि त्या गोदामात मधल्या सुट्टीत पाठ करतात.